संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी रसायने : शास्त्रज्ञांचे एकमत नेमके कशावर आहे?

शेवंती (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात प्लास्टिक आणि आरोग्य या विषयावर बोलण्याचा योग आला. मी अनेक वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले असल्यामुळे अंतःस्रावी ग्रंथी, त्यांतून रक्तात उतरणारी संप्रेरके (हार्मोन) आणि त्या संप्रेरकांची नक्कल करणारी किंवा त्यांची वाट अडवणारी रसायने यांविषयी बोलले. प्रश्नोत्तरांच्या वेळी एका गृहस्थांनी विचारले, "या रसायनांबद्दल शास्त्रज्ञांचेच एकमत नाही असे वाचले आहे. मग तुम्ही इतक्या खात्रीने कसे बोलता?" वेळ संपत आली होती आणि घाईत दिलेल्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, माझेही झाले नाही. म्हणून हा धागा.

एकमताची सुरुवात बहुधा जुलै १९९१ पासून धरली जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, रसीन शहराजवळच्या विंगस्प्रेड येथे थिओ कोलबॉर्न या प्राणिशास्त्रज्ञ बाईंच्या पुढाकाराने निरनिराळ्या विद्याशाखांतील २१ तज्ज्ञ एकत्र आले. कोणी पक्ष्यांवर काम करत होते, कोणी माशांवर, कोणी उंदरांच्या गर्भावर, तर कोणी माणसाच्या पेशींवर. प्रत्येकाच्या हाती एकेक तुकडा होता आणि ते तुकडे एकत्र मांडल्यावर दिसलेल्या चित्राला तेथेच संप्रेरक-व्यत्यय (एन्डोक्राइन डिसरप्शन) हे नाव मिळाले. त्या बैठकीला आलेल्या ॲना सोटो यांची गोष्ट मी वर्गात नेहमी सांगत असे. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात १९८९ साली त्यांच्या प्रयोगातील स्तनकर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन न घालताच भराभर वाढू लागल्या. ज्या पेशी इस्ट्रोजेनशिवाय वाढत नाहीत, त्या रिकाम्या माध्यमात वाढत होत्या. महिनोन्‌महिने शोध घेतल्यावर लक्षात आले की प्रयोगशाळेतील प्लास्टिकच्या नळ्यांचा घटक उत्पादकाने बदलला होता आणि त्यातून नोनिलफेनॉल हे रसायन पाझरत होते. इस्ट्रोजेन कोणी घातले नव्हते, पण पेशींना ते मिळाल्यासारखे वाटत होते.

विंगस्प्रेडचे निवेदन मला आजही आदर्श वाटते. त्याने आपल्या खात्रीच्या पायऱ्या स्वतःच पाडून दाखवल्या : आम्हाला निश्चित ठाऊक आहे ते हे, आम्ही विश्वासाने अनुमान करतो ते हे, सध्याची प्रारूपे सुचवतात ते हे, आणि अनिश्चितता उरते ती येथे. माणसाने वातावरणात सोडलेल्या अनेक रसायनांत प्राण्यांच्या, माणूस धरून, संप्रेरक यंत्रणेत व्यत्यय आणण्याची क्षमता आहे, हे विधान पहिल्या पायरीवर होते आणि आजपर्यंत तेथून खाली आलेले नाही.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २००२ साली व्याख्या ठरली. बाहेरून आलेला जो पदार्थ किंवा मिश्रण अंतःस्रावी यंत्रणेचे कार्य बदलते आणि त्या बदलाचा परिणाम म्हणून जिवंत प्राण्याच्या, त्याच्या संततीच्या किंवा त्याच्या समूहाच्या आरोग्याला अपाय करते, ते संप्रेरक-व्यत्ययी. या वाक्यातील "परिणाम म्हणून" हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसता संप्रेरकावरचा प्रभाव पुरेसा नाही आणि नुसता अपायही पुरेसा नाही. दोहोंमधला दुवा दाखवावा लागतो. सोयाबीनमधील घटकही इस्ट्रोजेनच्या ग्राहीला, म्हणजे पेशीत ज्या जागी संप्रेरक येऊन बसते त्या प्रथिनाला, चिकटतात, पण तेवढ्यावर सोयाबीनच्या पिठाला हे नाव देता येत नाही.

२०१२ च्या अहवालात जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांनी अशी क्षमता असलेली किंवा असल्याचा संशय असलेली सुमारे ८०० रसायने मोजली. २०२० साली संशोधकांच्या एका गटाने अशा रसायनांची दहा प्रमुख लक्षणे एकत्र मांडली. संप्रेरकाच्या ग्राहीला जाऊन चिकटणे, ग्राही अडवून धरणे, संप्रेरक तयार होण्यात खोडा घालणे, त्याची रक्तातील वाहतूक किंवा विघटन बिघडवणे अशी ती लक्षणे आहेत. त्यामुळे प्रत्येक रसायन कोणत्या वाटेने बिघाड करते, हे तपासण्याची एक समान भाषा हाती आली.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येते. मतभेद आहेत, आणि २०१३ साली ते फार कडवटपणे चव्हाट्यावर आले. युरोपीय आयोग या रसायनांसाठी निकष ठरवत असताना विषशास्त्राच्या नियतकालिकांच्या १८ संपादकांनी आयोगाची दिशा अशास्त्रीय असल्याचे संपादकीय प्रसिद्ध केले. त्याला अंतःस्रावशास्त्राच्या बाजूने शंभराहून अधिक संपादकांनी आणि संशोधकांनी उत्तर दिले. बाहेरून पाहणाऱ्याला "शास्त्रज्ञांचेच एकमत नाही" असे वाटले ते तेव्हापासून. मात्र त्यानंतर काय झाले ते फारसे कोणी सांगत नाही. एप्रिल २०१६ मध्ये जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने बर्लिनमध्ये २३ शास्त्रज्ञांना एकत्र बसवले आणि त्यांत दोन्ही बाजूंची माणसे होती. त्यांनी मिळून जे निवेदन काढले, त्यात २००२ ची व्याख्या मान्य केली आणि एखादे रसायन संप्रेरक-व्यत्ययी आहे की नाही हे ओळखताना त्याची ताकद किती, हा प्रश्न आड येऊ नये, हेही मान्य केले. ताकदीचा विचार पुढच्या टप्प्यावर, किती जोखीम आहे हे ठरवताना करायचा. या रसायनांना सुरक्षित अशी एखादी किमान मर्यादा असते की नसते, हा वाद मात्र त्यांनी मिटल्याचे भासवले नाही, तो उघडा ठेवला.

म्हणून माझे म्हणणे असे, की ही रसायने कशी ओळखावीत यावर एकमत आहे आणि किती मात्रेला किती अपाय यावर भांडण आहे. दुसऱ्या भांडणाचा आवाज मोठा असल्यामुळे पहिले एकमत ऐकू येत नाही.

प्रतिसाद १ : खारफुटी

शेवंतीताई, धागा वाचून माझे गोव्यातील विद्यार्थिदशेचे दिवस आठवले. एकमत कसे तयार होते याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला समुद्री शंखांत दिसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून पूर्वी ट्रायब्युटिल टिन मिसळलेला रंग लावत. फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरातील कालवांची शेती त्यामुळे मोडकळीला आली आणि १९८२ साली फ्रान्सने लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली. ब्रिटिश किनाऱ्यावर एका जातीच्या शंखातील माद्यांना नराचे इंद्रिय फुटलेले दिसत होते. बिघाड वाढला की अंडी बाहेर पडण्याची वाट बंद होई आणि मादी अंडी पोटात घेऊनच मरत असे. हे घडायला लिटरभर समुद्राच्या पाण्यात एक नॅनोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग, एवढे रसायन पुरे होते.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. खडकावरून वेचून आणलेला शंख आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या पाण्यात ठेवून शिथिल करायचा, मग छोट्या शिकंज्यात धरून हलकेच दाबायचा. कवच तडकले की आतला मऊ जीव चिमट्याने सोडवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली उजव्या मिशीच्या मागची जागा पाहायची. मादीच्या त्या जागी काही असता कामा नये. पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर एक मादी आली, तिच्या अंगात अंड्यांच्या वाटेची ग्रंथी स्पष्ट होती, आणि मिशीमागे वाकडा, फिकट कोंब होता. मी मार्गदर्शकांना बोलावले. त्यांनी एकदा पाहून फक्त "मोजून लिहून ठेव" एवढेच सांगितले.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९९ साली क्रोनिया कोंकणेन्सिस या आपल्याच किनाऱ्यावरच्या शंखात हा बिघाड नोंदवला होता. नावातच कोकण असलेला हा जीव आहे.

येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे कालक्रम. बंधने १९८० च्या दशकात आली, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ साली झाला आणि २००८ साली अमलात आला. हे रसायन शंखाच्या पेशीतील रेटिनॉइड एक्स नावाच्या ग्राहीला चिकटून हा बिघाड करते, हा कार्यकारणाचा धागा मात्र २००४ च्या सुमारास हाती लागला. तोवर थांबले असते तर ब्रिटनच्या खडकांवर ते शंख परतले नसते. बंदीनंतर ते परतले आहेत.

प्रतिसाद २ : दुर्बीण

मी रसायन उद्योगात गुणवत्ता तपासणीचे काम करतो, त्यामुळे माझ्या शंका स्पष्टपणे मांडतो. शंखाचे उदाहरण निर्विवाद आहे. परंतु त्यावरून थेट माणसाकडे उडी मारणे मला पटत नाही. "मात्रा ठरवते की पदार्थ विष आहे की नाही" हे आमच्या शास्त्राचे पहिले सूत्र आहे. आजची उपकरणे लिटरमधला नॅनोग्रॅमही दाखवतात, आणि काहीतरी सापडले एवढ्यावरून लोक साप म्हणून भुई धोपटू लागतात. शिवाय प्लास्टिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या बिस्फेनॉल ए चेच पाहा. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ साली त्याची रोजची सह्य मर्यादा एका फटक्यात २०,००० पट खाली आणली, आणि युरोपच्याच औषध संस्थेने तसेच जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने त्यावर लेखी असहमती नोंदवली. ज्या जर्मन संस्थेच्या बैठकीचा दाखला धाग्यात दिला आहे, तीच ही संस्था. मग एकमत कुठे राहिले?

शेवंती

दुर्बीण, आपला आक्षेप मोलाचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

आधी बिस्फेनॉल. २०१५ साली युरोपची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४ मायक्रोग्रॅम होती. २०२३ साली प्राधिकरणाने ती ०.२ नॅनोग्रॅमवर आणली आणि त्यासाठी उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशींतील बदलाचा आधार घेतला. जर्मन संस्थेला तो आधार अपुरा वाटला, म्हणून तिने स्वतःची मर्यादा मांडली, ती २०० नॅनोग्रॅमची. दोहोंत हजारपटीचे अंतर आहे, हे खरे. पण ४ मायक्रोग्रॅम म्हणजे ४,००० नॅनोग्रॅम. म्हणजे जी संस्था असहमत होती, तिनेही जुनी मर्यादा २० पट खाली खेचली. वाद २० पट की २०,००० पट, असा आहे. जुनी मर्यादा ठीक होती, असे या दोघांपैकी कोणीच म्हणाले नाही. मतभेदाच्या बातम्यांत हा तपशील गळून पडतो.

आता मात्रा. संप्रेरकांच्या बाबतीत मुळातच शरीराचा कारभार अतिसूक्ष्म मात्रांवर चालतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात प्रयोगासाठी राखून ठेवलेली सरोवरे आहेत. त्यांपैकी एका सरोवरात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे, गर्भनिरोधक गोळ्यांत असते ते कृत्रिम इस्ट्रोजेन, लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम राहील अशा बेताने सोडले. आपल्याकडे धरणातील पाणी टीएमसीत मोजतात, त्या हिशेबाने सांगायचे तर एक टीएमसी पाण्यात साधारण १४० ते १७० ग्रॅम, म्हणजे एका वाटीत मावेल एवढे. तेथील फॅटहेड मिनो जातीच्या नर माशांच्या अंगात अंड्याच्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले, काहींच्या वृषणांत अंडी दिसली, आणि काही वर्षांत त्या माशांची संख्या जवळजवळ संपली. रसायन सोडणे थांबवल्यावर ती पुढे सावरली. ही उपकरणाने दाखवलेली नुसती नोंद नव्हती, अख्ख्या सरोवरावर केलेला प्रयोग होता.

आणि माणसाचे म्हणाल तर डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल. लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ साली बनवलेले हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत लक्षावधी गरोदर स्त्रियांना दिले गेले. १९५३ साली शिकागोतील चाचणीत ते निरुपयोगी ठरले, तरीही देणे चालूच राहिले. १९७१ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी योनीच्या एका अतिदुर्मीळ कर्करोगाच्या आठ तरुण रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, आणि आठपैकी सात जणींच्या आईने गरोदरपणी हे औषध घेतले होते. गोळी आईने घेतली, आणि मुलीला तारुण्यात कर्करोग झाला. मात्रेचे सूत्र चुकीचे नाही. पण मात्रा कधी मिळाली, हा प्रश्न त्या सूत्रात बसत नाही, आणि या विषयात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रतिसाद ३ : दुर्बीण

बिस्फेनॉलच्या आकड्यांची ही मांडणी मी या आधी अशी पाहिली नव्हती. २० पटीचा मुद्दा मान्य. औषध म्हणून दिलेली मात्रा आणि वातावरणातील अंश यांत मोठा फरक असतो, हे मात्र मी धरून राहीन.

प्रतिसाद ४ : गोदाकाठ

मी निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदार आहे. येथील चर्चा वाचून एक प्रश्न विचारावासा वाटतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी हा बुरशीसारखा रोग बागेवर चाल करून येतो आणि आम्ही मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची, म्हणजे एम-४५ ची, फवारणी करतो. दोनशे लिटरच्या पिंपात पिवळसर पूड टाकून काठीने ढवळतात. ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा धुरळा परतून अंगावर येतो आणि संध्याकाळी सदरा झटकला तरी त्यातून पूड उडते. तो सदरा घरातील बाईमाणूसच धुते. माझ्या घरी आई आणि पत्नी दोघींनाही थायरॉइडची गोळी चालू आहे. कृषी सेवा केंद्रात विचारले तर हे सौम्य औषध असल्याचे सांगतात. युरोपने ते बंद केल्याचे मात्र निर्यातीच्या बैठकीत ऐकले. दोन्हींपैकी खरे काय?

प्रतिसाद ५ : कातळसडा

गोदाकाठ, मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि थायरॉइडचे रुग्ण रोज पाहतो. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत. मॅन्कोझेब पोटात गेल्यावर ताबडतोब माणूस दगावेल असे ते औषध नाही. त्या अर्थाने ते सौम्य. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकऱ्यांचे बळी गेले, ती तीव्र विषबाधा होती आणि तिचा या विषयाशी घोटाळा करू नये. मॅन्कोझेबचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या विघटनातून, तसेच त्याचे अंश तापवल्यावर, इथिलिन थायोयुरिया तयार होते. थायरॉइड ग्रंथीतील ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने आयोडीन वापरून संप्रेरक बनते, त्या विकरालाच ते अडवते. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबचे नूतनीकरण नाकारताना प्रजननाला असलेला धोका आणि संप्रेरक-व्यत्यय, ही दोन्ही कारणे नोंदवली. भारत सरकारने मे २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात मॅन्कोझेब होते. २०२३ च्या अंतिम आदेशात डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल अशा मोजक्याच औषधांवर पूर्ण बंदी आली, त्यांत मॅन्कोझेब नव्हते.

तरीही आपल्या आईंचा आणि पत्नीचा आजार फवारणीमुळे झाला, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे थायरॉइड मंदावण्याचे सर्वांत नेहमीचे कारण स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेला हल्ला हे असते, आणि तो आजार द्राक्षाचा वेल कधी न पाहिलेल्या स्त्रियांनाही होतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असेही असू शकते. समूहाबद्दलचे एकमत एका रुग्णाच्या केसपेपरवर उतरवता येत नाही. त्यांची गोळी मात्र नियमित चालू ठेवा, आणि प्रतिपिंडांची (अँटिबॉडीची) तपासणी झाली नसेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा.

प्रतिसाद ६ : खारफुटी

कातळसडा यांनी डायकोफॉलचा उल्लेख केला म्हणून सांगतो. आपल्याकडे बंदीपूर्वी भेंडी, वांगी, कपाशीवरच्या लाल कोळीसाठी वापरले जात असे ते हेच औषध. फ्लोरिडातील अपोप्का तळ्याकाठच्या कारखान्यातून १९८० साली हे, त्यातील डीडीटीसह, तळ्यात गेले. पुढे लुई गिलेट यांना त्या तळ्यातील मगरींच्या नर पिल्लांची इंद्रिये लहान आणि टेस्टोस्टेरॉन कमी आढळले. त्या सांडण्यापासून आपल्याकडील बंदीपर्यंत ४३ वर्षे गेली.

प्रतिसाद ७ : शेवंती

आपल्या देशातला सर्वांत जवळचा दाखला केरळच्या कासरगोडचा आहे. तेथील काजूच्या मळ्यांवर वीस वर्षांहून अधिक काळ हवेतून एन्डोसल्फानची फवारणी होत होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी मळ्यांच्या पायथ्याच्या गावातील ११७ शाळकरी मुलगे आणि फवारणी नसलेल्या ठिकाणचे ९० मुलगे यांची तुलना करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तात एन्डोसल्फान जास्त असलेल्या मुलांचे वयात येणे मागे पडत होते आणि टेस्टोस्टेरॉनही कमी होते. अभ्यास लहान होता, त्यावर टीकाही झाली, आणि त्या भागातील प्रत्येक व्यंग याच रसायनाच्या माथी मारणे मलाही योग्य वाटत नाही. पण पेशींवरचे प्रयोग, प्राण्यांवरचे प्रयोग आणि या मुलांचे रक्त, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. २०११ साली एन्डोसल्फान, वातावरणात दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतात त्यावर बंदी घातली.

गोदाकाठ, आपल्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो सदरा. घरात कोणी गरोदर आहे का, किंवा लवकरच होण्याची शक्यता आहे का?

प्रतिसाद ८ : गोदाकाठ

धाकट्या भावाच्या पत्नीला तिसरा महिना चालू आहे. सध्या कपडे तीच धुते.

प्रतिसाद ९ : कातळसडा

मग हे आजच बदला. पहिले काही महिने बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी काम करत नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारे संप्रेरक आईच्याच रक्तातून येते. कोस्टा रिकात केळीच्या मळ्यांजवळ राहणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या लघवीत इथिलिन थायोयुरिया तपासले गेले, तेव्हा मळ्याच्या जितके जवळ घर, तितके प्रमाण जास्त आढळले. फवारणीचे कपडे ज्याने फवारणी केली त्यानेच, घरच्या कपड्यांत न मिसळता, हातमोजे घालून धुवावेत. पिंप आणि ब्लोअर विहिरीपासून आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीपासून दूर धुवा. भावाच्या पत्नीची टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या कामाची रक्ततपासणी, झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या, आणि स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरा.

प्रतिसाद १० : गोदाकाठ

काल तपासणीसाठी रक्त देऊन आलो. पिंप विहिरीजवळच्या आंब्याखाली असायचे, ते बांधाच्या पलीकडे हलवले आहे. फवारणीचे कपडे आता शेडमध्येच एका वेगळ्या बादलीत ठेवतो आणि मीच धुतो. पुण्याजवळच्या मांजरी येथील द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी मागवली आहे. डाऊनीसाठी मॅन्कोझेबच्या फवारण्या कुठे कमी करता येतील, हे ती पाहून या छाटणीपासून ठरवणार आहे, आणि ते येथे लिहीन.